‘इट्स ओके’ म्हणजे माफी नव्हे

२ ऑक्टोबर २०२३. हांगझोउची आशियाई क्रीडा स्पर्धा, रोलर स्केटिंगमधली पुरुषांची ३००० मीटर रिले. दक्षिण कोरियाचा जंग छल-वन सर्वांत पुढे होता. रेषा यायच्या आधीच त्यानं जिंकल्याच्या आनंदात हात वर केले. तेवढ्यात शेजारून तैवानच्या ह्वांग यू-लिननं पाय पुढे टाकला. फरक ०.०१ सेकंदाचा. सुवर्ण तैवानला गेलं. कांस्य आपल्याला मिळालं; त्या भारतीय संघात विक्रम इंगळे, सिद्धांत कांबळे ही मराठी नावं होती.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, हसलाही असाल. पण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं की कोरियन खेळाडूला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. म्हणजे ते वर गेलेले हात जंगला महागात पडलेच, पण त्याच रिलेत जीव तोडून धावलेल्या छोई इन-होलाही पडले. जंगनं जाहीर माफी मागितली. मला प्रश्न पडतो तो छोईचा. त्यानं काय करायचं?

पुण्यात पुरुषोत्तमच्या तालमी सुरू झाल्या की असे छोई गल्लोगल्ली भेटतात. माझ्या एका मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये एकाची एंट्री चुकली आणि अख्खी एकांकिका कोसळली. सगळे त्याला म्हणाले, ‘इट्स ओके रे, लोड नको घेऊस.’ कुणी आवाज चढवला नाही. पुढच्या वर्षीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मात्र त्याचा नंबर नव्हता. मैत्रीण सांगते, त्याला राग चालला असता. तो गोडवा त्याला सहन झाला नाही.

‘इट्स ओके’ म्हणजे काही बिघडलंच नाही. आणि काही बिघडलंच नसेल, तर माफ काय करणार? माझ्या मते माफीची पहिली पायरी हिशेब मांडण्याची आहे: तुझी चूक होती, तिनं माझं एवढं नुकसान झालं. ते न बोलता पुढे जाणं हा समजूतदारपणा वाटतो, पण बऱ्याचदा तो नातं तोडायचा सभ्य मार्ग असतो.

बर्फावरच्या स्केटिंगमध्ये याचं एक मोठं उदाहरण आहे. २०१०, व्हँकुव्हर ऑलिंपिक, १०,००० मीटर. नेदरलँड्सचा स्वेन क्रामर सुवर्णाच्या वाटेवर होता. या शर्यतीत दोघं एकत्र धावतात आणि अंतर समान राहावं म्हणून प्रत्येक फेरीत आतली-बाहेरची लेन बदलतात. प्रशिक्षक खेरार्ड केमकर्सनी ऐनवेळी चुकीची लेन दाखवली. क्रामरनं विश्वास ठेवला आणि वळला. सर्वांत कमी वेळ नोंदवूनही तो बाद झाला. सुवर्ण मिळालं ली सुंग-हून या कोरियन खेळाडूला.

क्रामर चिडला, कॅमेऱ्यांसमोर चिडला. चूक कुणाची हे त्यानं लपवलं नाही. केमकर्सनीही ती नाकारली नाही. आणि मग क्रामर त्यांच्याकडेच सराव करत राहिला. पुन्हा त्याच माणसाच्या इशाऱ्यावर वळायचं, यापेक्षा माफी वेगळी काय असते?

गोष्टीचा शेवट गोड असता तर सोपं होतं. क्रामरनं कारकिर्दीत ऑलिंपिकची चार सुवर्णं जिंकली. ५००० मीटरचं तर २०१०, २०१४ आणि २०१८ असं सलग तीनदा. पण १०,००० मीटरचं कधीच नाही. २०१४मध्ये रौप्य, २०१८मध्ये सहावा. केमकर्सच्या एका इशाऱ्यानं गेलेलं पदक परत आलंच नाही.

म्हणूनच मला ती माफी खरी वाटते. भरपाई मिळेल या आशेवर केलेली माफी म्हणजे उधारी. छोईनं जंगला माफ केलंच पाहिजे, असं मी म्हणणार नाही. ते त्याच्यावर कर्ज नाही. पण करायचं ठरवलंच, तर आधी नीट चिडावं, काय गेलं ते मोजून सांगावं, आणि मग पुढच्या रिलेत त्याच्याच हाताचा धक्का पाठीवर घ्यावा. ते जमणार नसेल, तर निदान ‘इट्स ओके’ म्हणू नये.