हौस फिटते, छंद लागतो

‘कॅमेरा हाती आला आणि मला मी सापडलो.’ हौशी छायाचित्रकारांच्या तोंडी हे वाक्य इतक्यांदा येतं की त्याचा अर्थ विचारायचं कुणाला सुचतच नाही. मला ते खटकतं. भिंगाचं तोंड बाहेर, जगाकडे असतं. चौकटीत हमखास न येणारा माणूस कोण, तर फोटो काढणारा. मग त्याला तो स्वतः तिथे सापडतो कसा? यावर कुणी सेल्फीकडे बोट दाखवेल, पण तो विषय इतका चघळून झाला आहे की सोडून दिलेला बरा.

मराठीने इथे एक सोय करून ठेवली आहे: हौस फिटते आणि छंद लागतो. हौस कर्जासारखी, फेडली की मोकळे. नवी लेन्स घेतली, भाद्रपदात कासच्या पठारावर जाऊन चारशे फोटो काढले, झालं. छंदाचं तसं नाही. शिवाय कवितेच्या वृत्तालाही आपण छंदच म्हणतो, म्हणजे बंधन त्यात आलंच. छायाचित्रणाच्या छंदातही सुरुवातीला असंच बंधन होतं. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पेशा डॉक्टरकीचा, ओढा छायाचित्रणाचा. त्या दशकात नव्याने आलेल्या पद्धतीत काचेला कलोडियनचा लेप द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत अंधारात नेऊन धुवायची. आपल्याकडच्या वैशाखात हे करून बघावं. निव्वळ हौस असेल तर पहिल्याच दुपारी फिटेल. पुढे 1888 मध्ये कोडॅकने शंभर फोटोंचं रीळ भरलेला कॅमेरा बाजारात आणला. रीळ संपलं की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, बाकी सगळं ते बघणार. वृत्त सुटलं आणि मुक्तछंद सुरू झाला. मुक्तछंद लिहिणं अवघड असतं, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात आलं.

सुझन सोंटॅगच्या लक्षात ते आलं होतं, पण तिने त्यातून भलताच निष्कर्ष काढला. ‘ऑन फोटोग्राफी’ या 1977 च्या पुस्तकात ती म्हणते की फोटो काढणं ही अनुभवाची पावती घेण्याची रीत आहे, आणि अनुभव टाळण्याचीही. कामाचं भूत मानेवर बसलेल्या माणसाला सुटीतही काहीतरी करत राहिल्याचं समाधान कॅमेरा देतो. पर्यटनस्थळी तासभर उभं राहिलं की हे पटतं. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेला संग्रहालयातला प्रयोगही वरवर तिच्याच बाजूचा आहे: ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण त्याच प्रयोगातली एक गोष्ट सोंटॅगला अडचणीची ठरते. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून ज्यांनी फोटो काढला, त्यांची आठवण अशी घसरली नाही, आणि चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना आठवला. म्हणजे अनुभव हिरावून घेतं ते यंत्र नव्हे, ‘सगळंच हवं’ ही वृत्ती. काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवायची वेळ आली की डोळा जागा होतो. सोंटॅगने हौस पाहिली आणि छंदावरही तोच शिक्का मारला.

आणि इथे मला त्या खटकणाऱ्या वाक्याला थोडं मानावं लागतं. काय घ्यायचं हे हजारदा ठरवलं की त्या निवडींचा ढीग होतो, आणि त्या ढिगात एक माणूस दिसू लागतो. अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग (1870–1954) संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक. त्यांनी तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत स्वतःचे फोटो काढले. वेश बदलले, कधी योगासनात, कधी पुस्तकांसोबत. एकेक फोटो मिरवल्यासारखा वाटतो, पण सगळे ओळीने पाहिले की एकच प्रश्न अनेक दशकं विचारत बसलेला माणूस समोर येतो. यावर समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दियूच्या बाजूने आक्षेप येईल: काय फोटो काढण्याजोगं आहे हे माणूस ठरवत नाही, त्याचा वर्ग आणि त्याचं कुटुंब ठरवतं. खरं आहे, आणि लग्नाचा कुठलाही अल्बम त्याची साक्ष देईल. पण संकेत कुठेतरी संपतात. सूर्यास्त, मोर, सुरकुतलेली म्हातारी हे सगळं काढून झाल्यावरही माणूस कॅमेरा घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याला बाहेर काढणारं बूर्दियूच्या हिशेबात बसत नाही.

म्हणजे स्वतःची ओळख पटते आणि छंदाचं प्रयोजन कळतं ते ढीग मागाहून चाळताना, असं म्हणून मी थांबलो असतो, पण व्हिव्हियन मायर आडवी येते. लोकांची मुलं सांभाळून पोट भरणारी ही बाई. भाडं थकल्यामुळे गोदामातल्या तिच्या पेट्यांचा 2007 मध्ये लिलाव झाला; 2009 मध्ये ती गेली. मागे लाखाहून अधिक निगेटिव्ह राहिल्या, आणि शेकडो रिळं तर तिने कधी धुतलीच नव्हती. ढीग होता, पण तो चाळणारं कुणी नव्हतं. मग तिला प्रयोजन नव्हतं म्हणायचं? लाखाच्या आकड्यापुढे ते म्हणवत नाही. म्हणजे मी आतापर्यंत एकत्र बांधलेल्या दोन गोष्टी सुट्या आहेत. प्रयोजन हातांत असू शकतं. त्याचं भान डोक्यात असेलच असं नाही, आणि नसलं तरी त्यावाचून काही अडत नाही. शिकागोच्या रस्त्यांवर ती स्वतःलाही टिपत असे, दुकानांच्या काचेत, आरशात, फुटपाथवर पडलेल्या सावलीत. न धुतलेल्या रिळांवर अशा किती सावल्या असतील. त्या तिने पाहिल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेरा गळ्यात अडकवून ती बाहेर पडली.