कड्यांचा आश्रय आणि श्रद्धेची कसोटी

एखादा धर्मसमाज शतकानुशतकांच्या संकटांतून तगून राहिला, की त्याची श्रद्धाही तितकीच अभंग राहिली, असे सहसा गृहीत धरले जाते. परंतु तगून राहण्यासाठी समाज ज्या साधनांचा आधार घेतो, म्हणजे दुर्गम भूमी, रक्ताच्या नात्यांची घट्ट वीण, परक्याविषयीची सावधगिरी आणि प्रसंगी हाती घेतलेले शस्त्र, ती साधने श्रद्धेचीच अंगे मानावीत की केवळ तिच्याभोवतीचे कुंपण, हा धर्मविचारातील एक मूलभूत प्रश्न आहे. उत्तर लेबनॉनच्या पर्वतराजीतील ब्शर्री हे नगर आणि त्याच्या पायथ्याशी खोल उतरत गेलेली कादिशा दरी यांच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू विलक्षण स्पष्टपणे दिसतात.

ब्शर्री समुद्रसपाटीपासून सुमारे 1,450 मीटर उंचीवर, दरीच्या अगदी माथ्याशी वसलेले आहे. त्याच्या वरच्या अंगाला लेबनॉनच्या प्रसिद्ध देवदार वृक्षांची जुनी राई आहे, तर खालच्या अंगाला चुनखडीच्या उभ्या कड्यांत कोरलेले मठ, गुहा आणि एकांतकुट्या आहेत. दरी आणि राई या दोहोंना 1998 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. येथील रहिवासी मॅरोनाइट ख्रिस्ती आहेत. इ. स. 410 च्या सुमारास निवर्तलेल्या संत मारून या सिरियन तपस्व्यापासून या पंथाचे नाव आले. सायरसचा बिशप थिओडोरेट याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतानुसार मारून एका टेकडीवर, पूर्वीच्या मूर्तिपूजकांच्या देवस्थानाजवळ, बहुतेक काळ उघड्या आकाशाखाली राहत असे. त्याच्या नावाने पुढे उभ्या राहिलेल्या मठाने 451 च्या कॅल्सिडॉन धर्मसभेचा निर्णय, म्हणजे ख्रिस्त ही एकच व्यक्ती असून तिच्या ठायी दैवी आणि मानवी असे दोन पूर्ण स्वभाव आहेत हा सिद्धान्त, उचलून धरला. धर्ममतांचे वाद आणि बदलत्या राजवटींचा ताण यांमुळे त्याचे अनुयायी पुढील शतकांत टप्प्याटप्प्याने लेबनॉनच्या डोंगरात येऊन स्थिरावले. बाराव्या शतकात त्यांनी रोमच्या पोपशी ऐक्य जाहीर केले. मात्र आपली अँटिओकची परंपरा, आपला पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख, आणि सुरियानी भाषेतील उपासना त्यांनी सोडली नाही.

जगाकडे पाठ फिरवणाऱ्या एका विरक्ताच्या नावाने गावे, घराणी आणि शेते असलेला एक समाज उभा राहावा, हे वरवर पाहता विसंगत वाटते. प्रत्यक्षात मॅरोनाइट परंपरेने एकांत आणि समाज यांना कधी पूर्णपणे तोडलेच नाही. येथे संन्यासी प्रथम मठात वर्षानुवर्षे आज्ञापालन शिकतो, वरिष्ठांची अनुमती मिळाली तरच कुटीत जातो, आणि कुटीत गेल्यावरही ती मठाच्या हाकेच्या अंतरावर असते, त्याचे अन्न मठातून येते. मठ शेती करतो, डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांच्या शेतांतून पीक काढतो, आणि गावाशी त्याचा रोजचा व्यवहार असतो. गावातील धर्मगुरू तर बहुधा संसारी असे, कारण या पंथात दीक्षेपूर्वी विवाह झालेल्या पुरुषाला धर्मगुरू होता येते. कवी खलील जिब्रानची आई कामिला ही अशाच एका धर्मगुरूची मुलगी होती. विरक्त कड्यावर, संसारी धर्मगुरू गावात आणि दोहोंच्या मध्ये मठ, अशी ही रचना आहे. तिच्यामुळे प्रार्थना हा काही थोड्या निवडक लोकांचा मक्ता झाला नाही आणि संसारालाही आपल्यापलीकडचे काही सतत डोळ्यांसमोर दिसत राहिले.

या भूमीने दिलेला आश्रय किती खरा होता आणि किती अपुरा, हे हदथ गावाजवळच्या असी अल्-हदथ या गुहेत दिसून आले. 1283 मध्ये इजिप्तच्या मामलूक सैन्याने या भागावर स्वारी केली, तेव्हा काही ग्रामस्थ उंच कड्यातील या गुहेत जाऊन राहिले. 1989 ते 1991 या काळात लेबनॉनमधील गुहासंशोधकांना तेथे नैसर्गिकरीत्या टिकून राहिलेले आठ मृतदेह सापडले, आणि त्यांत एका तान्ह्या बालिकेचाही देह होता. अंगावर भरतकाम केलेली सुती वस्त्रे होती, आसपास अक्रोड, कांद्याची साले, लसूण आणि लिखित कागद होते. या वस्तूंतून कोणताही धर्मसिद्धान्त सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की येथे श्रद्धा म्हणजे लेकराला भरतकामाचे कपडे घालून, जेवणापुरते अक्रोड-कांदे बरोबर घेऊन कडा चढणे होते. ज्या समाजाची स्मृती अशा प्रसंगांनी घडली, त्याने कुंपणालाच पवित्र मानले तर त्यात नवल नाही.

मात्र याच कुंपणाची दुसरी बाजू पुढच्या दोन शतकांत उघड झाली. मामलूक काळात ब्शर्रीचा कारभार मुकद्दम, म्हणजे करवसुली आणि बंदोबस्त पाहणारे स्थानिक प्रमुख, यांच्या हाती आला. 1440 मध्ये पॅट्रिआर्कने आपले पीठ कादिशा दरीतील कन्नूबीन मठात हलवले ते त्यांच्याच संरक्षणाच्या भरवशावर, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ते तेथेच राहिले. त्या काळी दरी केवळ मॅरोनाइटांची नव्हती. कॅल्सिडॉनचा निर्णय न मानणारे, सुरियानी परंपरेतील याकोबी संन्यासी आणि इथिओपियातून आलेले साधकही तेथे राहत, आणि ब्शर्रीचा एक मुकद्दम स्वतः याकोबी मताकडे झुकला होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या एहदेनच्या लोकांनी या परमतवाद्यांना बळाने घालवून दिले. पाठलागापासून वाचण्यासाठी जी दरी आश्रय झाली, तिच्यातूनच दुबळ्यांना हाकलले गेले, ही गोष्ट पुढे पंथनिष्ठेचा विजय म्हणून सांगितली गेली. आश्रय मिळाल्याची कृतज्ञता आणि आश्रय देण्याची तयारी यांत किती अंतर पडू शकते, याचा हा आरंभीचा दाखला आहे.

तरीही या समाजाला केवळ बंदिस्त म्हणणे अन्यायाचे ठरेल. 1584 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी रोममध्ये मॅरोनाइट महाविद्यालय स्थापले, आणि डोंगरातील गावांतून निवडलेली मुले तेथे शिकून परतू लागली. त्यांपैकीच एहदेनचे इस्तिफान दुवैही पुढे पॅट्रिआर्क झाले आणि आपल्या समाजाचे इतिहासकारही. दरीतील कुझहय्या मठात 1610 मध्ये स्तोत्रसंहिता छापली गेली. तिच्यात सुरियानी मजकुराच्या जोडीला अरबी मजकूर होता, पण तोही सुरियानी लिपीत, आणि त्या प्रदेशातील सर्वांत जुन्या छापील पुस्तकांत तिची गणना होते. घरात अरबी बोलणारा आणि वेदीपाशी ख्रिस्ताच्या भाषेला जवळची सुरियानी उच्चारणारा हा समाज दोन भाषांत सहज वावरत होता. आजही मिस्साविधी बहुतांशी अरबीत होतो, परंतु भाकर आणि द्राक्षारस अर्पिण्याच्या क्षणीचे शब्द सुरियानीत गायले जातात. 14 सप्टेंबरच्या पवित्र क्रूसाच्या सणाच्या पूर्वसंध्येला डोंगरांवर जाळ पेटवले जातात, आणि एका गावचा जाळ दुसऱ्या गावाला दिसावा हा त्यामागचा जुना संकेत आहे.

पहिल्या महायुद्धातील दुष्काळाने लेबनॉन पर्वतातील सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट केली. त्याच्या आधीपासूनच गावकरी अमेरिका खंडाची वाट धरत होते. 1883 मध्ये ब्शर्रीत जन्मलेला जिब्रान 1895 मध्ये आईसोबत बॉस्टनला गेला. वि. स. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्यामुळे महाराष्ट्राला तो परिचित आहे. पण त्याच्या आरंभीच्या अरबी कथांत धर्मगुरूंच्या आणि जमीनदारांच्या जुलमावर किती प्रखर टीका आहे, हे तितके ठाऊक नसते. असे असूनही 1931 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मृत्यू झाल्यावर त्याचा देह ब्शर्रीला आणला गेला आणि मार सर्कीस या जुन्या मठात ठेवला गेला. आपल्या पुस्तकांचे मानधन त्याने गावाच्या नावे करून ठेवले होते. टीकाकाराला त्याच्याच मठात जागा देणारे हे गाव श्रद्धेच्या मोठेपणाची साक्ष देते, आणि त्याच मानधनाच्या व्यवस्थेवरून घराण्याघराण्यांत तंटे झाले, हेही तितकेच खरे आहे.

या तंट्यांच्या मुळाशी असलेली घराणेनिष्ठा लेबनॉनच्या यादवी युद्धात उग्र झाली. 13 जून 1978 रोजी फालांज पक्षाच्या सशस्त्र पथकांनी एहदेनवर हल्ला केला. त्यात राजकीय नेते टोनी फ्रांजिये, त्यांची पत्नी, लहान मुलगी आणि त्यांचे अनेक सहकारी मारले गेले. हल्लेखोरही मॅरोनाइटच होते आणि त्यांच्यात ब्शर्रीचे तरुण होते. 1283 च्या मृत्यूंसाठी बाहेरून आलेल्या सैन्याकडे बोट दाखवता येते; येथे मारणारे आणि मरणारे एकाच क्रूसापुढे गुडघे टेकणारे होते. कुंपण शाबूत राहूनही आतली श्रद्धा कोसळू शकते, याचा याहून कठोर पुरावा असू शकत नाही. चाळीस वर्षांनी, 14 नोव्हेंबर 2018 रोजी, टोनी यांचे पुत्र सुलेमान फ्रांजिये आणि ब्शर्रीच्या घराण्यातले, त्या हल्ल्यात सहभागी असलेले समीर जअजअ यांनी पॅट्रिआर्कच्या उपस्थितीत हात मिळवले. राजकारणाचे हिशेब त्यात असतीलच. तरीही सूडाची मालकी घराण्याकडून काढून घेणारे असे काही पाऊल पडल्याशिवाय समाज पुन्हा धर्मसमाज होत नाही.

या इतिहासाचा अर्थ लावताना ब्शर्रीजवळच्या बकाअकफ्रा या उंचावरील गावात 1828 मध्ये जन्मलेल्या संत शर्बेल यांचे चरित्र निर्णायक ठरते. त्यांचे दोन मामा कुझहय्याच्या परिसरात एकांतसाधना करीत, आणि तोच मार्ग त्यांनी पत्करला. अन्नाया येथील मठात सोळा वर्षे आणि जवळच्या कुटीत तेवीस वर्षे काढून ते 1898 मध्ये निवर्तले, आणि 1977 मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. ज्याने घर, नाते आणि गाव यांवरचा आपला हक्क सोडला, त्या माणसाच्या समाधीवर आज ख्रिस्ती लोकांबरोबर मुसलमान आणि द्रूझही येतात. घराण्यासाठी लढणाऱ्या कोणाच्याही वाट्याला ही मान्यता आलेली नाही, आणि हा योगायोग नव्हे. संन्यासी काही राखत नाही, म्हणून त्याच्यापाशी येणाऱ्याला कोणत्याही कुंपणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

तेव्हा कुंपण निरर्थक होते असे नव्हे. कडे नसते, गुहा नसत्या, परस्परांना धरून राहणारी घराणी नसती, तर प्रार्थना पुढच्या पिढीपर्यंत पोहोचलीच नसती, आणि जे मुलांना छातीशी धरून कडे चढले त्यांच्या हट्टाचा आदर राखल्याखेरीज या समाजाविषयी काहीही बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु आश्रय हे साधन आहे, साध्य नव्हे. आणि ते साधनच राहावे यासाठी प्रत्येक धर्मसमाजाला आपल्यात अशी काही माणसे लागतात, जी समाजाच्या हाकेच्या अंतरावर राहूनही त्याच्या हितसंबंधांत सामील नसतात. मॅरोनाइट परंपरेने कुटीला मठापासून आणि मठाला गावापासून तोडले नाही, हेच तिचे सर्वांत मोलाचे तत्त्वज्ञान आहे. गावाने कुटीकडे पाहणे थांबवले तेव्हा ते टोळी झाले. ज्या ज्या वेळी त्याने तिकडे पुन्हा वळून पाहिले, त्या त्या वेळी शेजाऱ्याला क्षमा करण्याचे बळ त्याला मिळाले.