स्वभाव : देणगी की सबब?



'स्वभावाला औषध नाही' असे आपण सहज म्हणतो. दुसऱ्याविषयी बोलताना ती तक्रार असते आणि स्वतःविषयी बोलताना सबब. मग स्वभाव ही देवाची देणगी मानायची की आपली पळवाट?

देवाने इतकी विविध सृष्टी का निर्माण केली, असा प्रश्न तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी घेतला. त्यांचे उत्तर असे : देवाचा चांगुलपणा इतका अपार आहे, की तो कोणत्याही एका निर्मितीत पूर्ण मावत नाही. एकात जे उणे राहते ते दुसरी भरून काढते. माणसांच्या स्वभावांनाही हे लागू पडते. प्रभू येशूच्या बारा शिष्यांत जकातदार मत्तय होता आणि जिलोत म्हटलेला शिमोनही. उतावळा पेत्र होता आणि शंका विचारणारा थोमाही.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. हे दांपत्य प्रोटेस्टंट मंडळीतले. टिळक कवी, लहरी, एका जागी न रमणारे. लक्ष्मीबाई व्यवहारी, विनोदी आणि स्पष्टवक्त्या. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. स्वतःची खात्री पटल्यावर, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पूर्ण केले शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी. दोघांचा स्वभाव सारखाच असता तर हे काम तडीस गेले असते का?

तरीही देणगी म्हणजे मोकळीक नव्हे. संत पौलाचा आवेश पाहा. त्याच आवेशाने त्याने ख्रिस्तसभेचा छळ केला आणि त्याच आवेशाने पुढे शुभवर्तमान दूरवर नेले. कृपेने त्याचा स्वभाव पुसला नाही. त्याला दिशा दिली. स्वभाव मिळालेला असतो, पण तो कोणाच्या सेवेला लावायचा हे आपण ठरवतो.

आपल्या हिंगोली-वसमत भागात हळदीच्या दिवसांत कोणी कंद खणतो, कोणी शिजवतो, कोणी वाळवतो. पॉलिश करणाऱ्याने खणणाऱ्याला हिणवले, तर हळद बाजारात पोचेल का? मोठ्याने प्रार्थना करणाऱ्याची श्रद्धा मोठी आणि शेवटच्या बाकावर गप्प बसणाऱ्याची लहान, हे माप आपल्याला कोणी दिले? आणि शांत स्वभावाच्या माणसानेही स्वतःला विचारावे : नवीन आलेल्या कुटुंबाशी मी दोन शब्द बोलत नाही, तो माझा स्वभाव की माझा आळस?

या आठवड्यात, ज्याचा स्वभाव आपल्याला खटकतो अशा एका व्यक्तीसाठी रोज प्रार्थना करू या. पुढच्या रविवारी मिस्सानंतर तिच्याशी आपणहून बोलू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपला धर्मगुरू