गाठ सोडेपर्यंत

श्वेतांबर जैनांमध्ये ‘गंठसी’ नावाचं एक छोटं पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा नेम, आहे. वस्त्राला गाठ मारायची आणि ती सोडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, एवढाच नेम. ‘मुट्ठसी’त गाठीऐवजी मूठ असते: मूठ वळून नवकार मंत्र म्हणायचा, मगच खायचं. खाऊन झालं की नेम पुन्हा लागू. आठ दिवसांच्या अठ्ठाई उपवासापुढे ही अडचण अगदीच किरकोळ. मग तिला व्रतांच्या पंगतीत जागा का मिळावी?

दिवसभरातलं बरंचसं खाणं भुकेपोटी होतच नाही. दुकानात गल्ल्यापाशी शेंगदाण्यांची पुडी उघडी असते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता हात जातो आणि पुडी संपते. उपरण्याला गाठ असली की त्याच हाताला आधी दुसरं काम करावं लागतं. तेवढ्यात भूक आहे की नाही, हे कळतं. असेल तर खुशाल खावं. गाठ मनाई करत नाही; नकळत होणारी गोष्ट ती ठरवून करायला लावते.

यामागे पक्कं तत्त्वज्ञान आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाची पाच कारणं सांगितली: मिथ्यात्व, अविरती (त्यागाचा नेम नसणं), प्रमाद (बेसावधपणा), कषाय आणि योग. नुसतं न खाणं म्हणजे विरती नव्हे. दोन जेवणांमधले चार तास कुणीही उपाशी काढतो, पण समोर काही आलं तर खायला तो मोकळाच असतो. तेच तास गाठ मारून काढले की त्यांचा त्याग होतो. अविरती आणि प्रमाद, दोन्हींवर हा एक इलाज.

आक्षेप मात्र खरा आहे. आज ना उद्या बोटांना गाठ सोडायचीही सवय लागेल आणि मन पुन्हा दुसरीकडेच असेल. मग उरलं ते कर्मकांड.

परंपरेला हा धोका ठाऊक असावा, असं तिच्या इतर नेमांवरून वाटतं. सूर्योदयानंतर ४८ मिनिटं काही न घेण्याच्या नवकारसीत दोन आगार, म्हणजे सवलती, आधीच सांगितल्या जातात: विसरून काही खाल्लं गेलं किंवा अचानक तोंडात गेलं, तर पच्चक्खाण मोडत नाही. म्हणजे नेमाचा रोख जाणूनबुजून केलेल्या कृतीवर आहे. श्रावकाचे, म्हणजे गृहस्थ जैनाचे, चौदा नियम तर रोज नव्याने धारायचे असतात. आज किती पदार्थ, दूध-दही-तूप-तेल-गूळ-तळण या सहांपैकी कोणती विगई (विकार वाढवणारा पदार्थ) सोडायची, किती वाहनं, कोणत्या दिशेला किती अंतर, हे सकाळी ठरतं. कालची मर्यादा आज आपोआप चालत नाही.

 चौदा नियम धारणारे श्रावक संध्याकाळी सकाळच्या आकड्यांशी ताळा करतात: पदार्थ दहा ठरवले होते, खाल्ले सात. मग रात्रीपुरते नियम वेगळे धारले जातात.