निवड कशासाठी?

'देवाने आपल्याला निवडले आहे' असे आपण प्रार्थनेत सहज म्हणतो. पण कशासाठी निवडले? आपल्यात काही विशेष आहे म्हणून, की आपल्याकडून सेवा करून घ्यायची आहे म्हणून?

इंदूरच्या मंडळीला हा प्रश्न परका नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली येथे काम आरंभले. १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज निघाले. हे मिशनरी जॉन कॅल्विनच्या परंपरेतले. तारण केवळ कृपेने मिळते ही शिकवण, आणि मंडळीचा कारभार निवडून दिलेल्या वडिलांनी पाहावा ही रीत, दोन्ही त्यांच्याकडून आपल्याकडे आल्या. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर बिशप आले, तरी कमिटीची निवडणूक राहिलीच.

हीच परंपरा हंगेरीतही रुजली. १५६७ साली डेब्रेत्सेन येथील धर्मसभेने तिचा विश्वासांगीकार मान्य केला. पुढच्या शतकात हाब्सबुर्ग राजवटीत प्रॉटेस्टंटांचा छळ झाला. १६७४ साली शेकडो पाळकांना न्यायासनापुढे बोलावले गेले. पाळकपण सोडल्याच्या कागदावर सही केली की सुटका होई. पुष्कळांनी सही केली. त्यांचा न्याय करणारे आपण कोण? ज्यांनी नाकारली त्यांच्यापैकी सुमारे चाळीस जण, कॅल्विनपंथी व लूथरपंथी दोघेही, नेपल्सच्या जहाजांवर वल्ही मारण्यासाठी विकले गेले. कित्येक मेले. ११ फेब्रुवारी १६७६ रोजी डच आरमारप्रमुख डी रॉयटर याने उरलेल्या २६ जणांना सोडवले.

देवाच्या निवडीवर विश्वास ठेवणाऱ्या या माणसांच्या वाट्याला मानाची खुर्ची आली नाही, वल्हे आले. काही जण म्हणतात, निवडीच्या शिकवणीने माणूस गर्विष्ठ होतो. निवड आपल्या गुणांवर असती तर तसे झाले असते, आणि गुण संपले तर काय ही भीतीही राहिली असती. पण जे फुकट मिळाले त्याचा गर्व कसा करावा? आणि जे देवाने दिले ते राजा कसे काढून घेणार?

आता आपल्या निवडणुकांकडे पाहू. मते मागताना घराणी मोजली जातात, तट पडतात. हरलेला भाऊ पुढच्या रविवारी उपासनेला येत नाही. निवड म्हणजे मान, असे आपण धरून बसलो आहो. प्रभूने तर निवडलेल्या शिष्यांचे पाय धुतले आणि त्यांनाही तेच करावयास सांगितले.

तेव्हा, शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, मुलांना निवडीचा धडा शिकवाल तेव्हा वल्ह्याची ही गोष्ट अवश्य सांगा. आणि पुढच्या निवडणुकीत आपण उमेदवाराला एवढेच विचारू या : बंधो, निवडून आला नाहीत, तरी हीच सेवा कराल ना?