बाद गडी परत कधी?

गेल्या रविवारी भाच्याकडे गेले होते. फ्रिजवर दोन कार्डं अडकवलेली दिसली, एक पिवळं, एक लाल. शेजारी घरातल्या 'फाउल'ची यादी: मारणं, ढकलणं, खोटं बोलणं. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. "मावशी, वर्षभरात एकदाही हात उचलला नाही," भाचा म्हणाला. मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. लहानपणी त्याने पट्टीचा मार खाल्लेला मी पाहिला आहे.

जेवणाआधी मुलाने बहिणीला ढकललं. भाच्याने आवाज न चढवता लाल कार्ड काढलं. मुलगा निमूट आतल्या खोलीकडे निघाला आणि दारात थांबला. "किती वेळ?"

"मी सांगेन तेव्हा."

हे उत्तर मला खटकलं, कारण मैदानावर असं उत्तर कुणी देत नाही. हॉकीत हिरव्या कार्डाला २ मिनिटं बाहेर, पिवळ्याला किमान ५. मुळात कार्डं आली तीच सगळ्यांना सारखं कळावं म्हणून. १९६६ च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जर्मन पंचांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला बाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं आणि रॅटिन कितीतरी मिनिटं मैदान सोडेना. त्यानंतर केन अ‍ॅस्टन या इंग्लिश पंचांना रस्त्यावरच्या सिग्नलवरून पिवळ्या-लाल रंगांची कल्पना सुचली. १९७० मध्ये मेक्सिकोच्या विश्वचषकात कार्डं आली, आणि त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही काढावं लागलं नाही.

शिवाय पंच कुठल्याच बाजूने खेळत नाही. घरात आई-बाप खेळतातही आणि शिट्टीही त्यांच्याच तोंडात. म्हणून मुदत कार्ड दाखवतानाच सांगून टाकावी. आपला राग निवेपर्यंत ती ताणली, तर मूल स्वतःच्या चुकीची नाही, आपल्या रागाची शिक्षा भोगतं.

मला आपली कबड्डी याबाबतीत फार शहाणी वाटते. तिचे जुने तीन प्रकार. गामिनीत बाद गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये बाद झाला तरी तो आतच राहतो, समोरच्यांना फक्त गुण मिळतो. संजीवनीत आपल्यांनी समोरचा गडी टिपला की आपला एक गडी जिवंत होतो; आजची कबड्डी त्याच वाटेने आली. गल्लीतली पोरंसुद्धा लहानग्याला कच्चा लिंबू करून खेळात घेतात, त्याच्यावर राज्य देत नाहीत. हे त्यांना कुणा मोठ्याने शिकवलेलं नसतं.

आपल्या घरांत मात्र बहुधा गामिनी चालते. माझ्या घरी ती अबोल्याच्या रूपाने होती. लेक आठवीत असताना तिने प्रगतिपुस्तकावर माझी सही स्वतःच ठोकली. मी ओरडले नाही, बोलणंच थांबवलं. तीन दिवस. रोज सकाळी ती बूट घालून दारात "येते हं" म्हणायची आणि जराशी थांबायची. मी मान खाली घालून भाजी चिरत राहायचे. हे कधी संपणार ते तिला कळायला मार्ग नव्हता. मलाही ठाऊक नव्हतं. त्या तीन दिवसांत सहीचा विचार तिच्या मनात एकदाही आला नाही, आई पुन्हा बोलेल की नाही एवढंच डोक्यात होतं, हे तिने मला फार वर्षांनी सांगितलं. त्या दारातल्या थांबण्याला मी आजही उत्तर देऊ शकलेले नाही.

भाच्याला हे सांगावं की नको अशा विचारात मी मटार सोलत बसले होते. ढकलली गेलेली ती सहा वर्षांची पोर शेजारी येऊन बसली. दादाच्या शाळेत कबड्डी आहे, तिला सगळे नियम पाठ. जरा वेळाने तिने बाबाला हाक मारली. "बाबा, मला दादाला जिवंत करायचंय. किती शेंगा सोलू?"

भाचा बघतच राहिला. मग ओट्यावरची छोटी वाटी उचलून त्याने तिच्यापुढे ठेवली. "ही भरेपर्यंत."

तिने आतल्या खोलीच्या दिशेने ओरडून सांगितलं, "दादा, एक वाटी!"

आणि दोन्ही हातांनी शेंगा ओढून घेतल्या.