वाटाड्याचे ऋण

मनुष्य उंच पर्वताच्या शिखरावर जाऊन आला म्हणजे त्याने तो पर्वत जिंकला असे म्हणण्याचा जगात प्रघात आहे. वर्तमानपत्रांत त्याचे नाव छापून येते, गावी त्याचा सत्कार होतो, आणि तो सत्कार अनुचित असतो असे नाही. कारण थंडी, वारा, धाप आणि भय यांस तोंड देऊन तो वर गेलेला असतो. परंतु त्याच्यापुढे वाट काढीत, त्याचे ओझे वाहत आणि त्याच्यासाठी दोर बांधीत जो दुसरा मनुष्य गेला, त्याचे काय? त्यास मजुरी मिळाली. तेवढ्याने त्याचा आपल्याशी असलेला हिशेब पुरा झाला काय? पैसे देऊन मनुष्याचे श्रम विकत घेता येतात, हे सर्वांस ठाऊक आहे. पैसे देऊन त्याच्या जिवाचा धोकाही विकत घेता येतो काय, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

उदाहरणादाखल सर्वांत उंच पर्वत घेऊ. नेपाळ व तिबेट यांच्या सीमेवरील एव्हरेस्ट शिखराची उंची २०२० साली नेपाळ व चीन या दोन सरकारांनी मिळून ८,८४८.८६ मीटर अशी जाहीर केली. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर आहे. म्हणजे पाच कळसूबाई एकावर एक रचल्या तरी एव्हरेस्टची उंची गाठली जात नाही. त्या पर्वताच्या पायथ्याच्या खुंबू प्रदेशात शेर्पा नावाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी तिबेटातून आले. बटाटे पिकवावे, याक पाळावे, डोंगरी घाटांतून व्यापार करावा, असा त्यांचा निर्वाह होता. शिखरांवर चढण्याचा रिवाज त्यांच्यात नव्हता. कारण पर्वत हे त्यांच्या समजुतीप्रमाणे देवतांचे स्थान होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते मजुरीसाठी दार्जिलिंगास येऊ लागले, आणि तेथूनच साहेबलोकांनी त्यांस पर्वतावर ओझी वाहण्यास नेले. सारांश, शिखराची हौस प्रथम त्यांची नव्हती. ती दुसऱ्यांची होती, आणि तिचे ओझे त्यांच्या पाठीवर आले.

आज नेपाळच्या बाजूने चढताना आरंभीच बर्फाची एक नदी लागते. ती उतारावरून फुटत-तुटत खाली सरकत असते. तिच्यात घराएवढे बर्फाचे खडक केव्हा कलतील आणि खोल भेगा कोठे उघडतील, याचा नेम नसतो. दरवर्षी वसंत ऋतूत शेर्पांची एक टोळी प्रथम तेथे शिरते आणि भेगांवर शिड्या टाकून, दोर ताणून वाट तयार करते. मागून तंबू, अन्न आणि प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन दुसरे शेर्पा जातात. पैसे देऊन आलेला गिर्यारोहक ही वाट मोजक्या वेळा ओलांडतो. ओझे वाहणाऱ्यास मात्र ती पुनःपुन्हा ओलांडावी लागते.

यावर कोणी म्हणेल, की यात अन्याय कसला? तो मनुष्य आपखुशीने आला आहे. आपल्या खेड्यात विहीर खोदणारा सुरुंग लावतो, कोळी वादळात नाव घालतो. त्यांचाही जीव धोक्यात असतोच. हा आक्षेप पोकळ नाही. शेर्पांच्या मुलुखात या धंद्याने पैसा आला, मुले शाळेत गेली, कित्येकांनी घरे बांधली. हे काम बंद करा असे आपण दुरून म्हणू, तर त्यांच्या चुलीवर पाणी ओतू. ते आमचे म्हणणे नाही. तथापि एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. विहिरीच्या पाण्यावाचून गाव जगत नाही, आणि ते पाणी खोदणाऱ्याच्याही घागरीत पडते. शिखरावाचून मात्र कोणाचे अडत नाही. तेथे जाणे ही एकाची इच्छा असते, आणि त्या इच्छेसाठी दुसरा आपला जीव पणास लावतो. गरजेसाठी घेतलेल्या धोक्याहून इच्छेसाठी घेतलेल्या धोक्याचा जाब अधिक कठोर असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता घडलेल्या गोष्टी पाहू. १९२२ च्या जून महिन्याच्या ७ तारखेस तिबेटच्या बाजूने मॅलरी, सॉमरवेल व क्रॉफर्ड हे तीन इंग्रज चौदा हमालांसह नुकत्याच पडलेल्या बर्फातून चढत होते. एकाएकी उतारावरील बर्फ सुटला. नऊ हमाल एका कड्यावरून खाली फेकले गेले. दोघे जिवंत निघाले, सात मरण पावले. तिघाही इंग्रजांस इजा झाली नाही. डॉक्टर सॉमरवेल यांस या गोष्टीचे फार दुःख झाले. आपल्या चुकीचे मोल केवळ या माणसांनी द्यावे आणि आपल्यातील एकही त्यांच्यासोबत नसावा, ही गोष्ट त्यांस सोसवेना, असे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नमूद केले आहे.

त्याच वर्षी ते दक्षिणेत त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशन इस्पितळ पाहावयास गेले. रोग्यांची गर्दी आणि डॉक्टरांची वाण पाहून त्यांनी लंडन येथील मोठ्या पदाची आशा सोडली व आपले आयुष्य तेथील सेवेत घातले. सात हमालांच्या मृत्यूमुळेच त्यांनी हा निश्चय केला असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण पर्वतावर ते पुढे कसे वागले हे सांगता येते. १९२४ साली ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. मे महिन्यात चार हमाल सुमारे ७,००० मीटर उंचीवरील तळावर अडकून पडले. त्यांतील काहींचे अवयव थंडीने बधिर झाले होते. मोहिमेचे प्रमुख नॉर्टन यांनी शिखराचा बेत बाजूस ठेवला, आणि ते स्वतः, मॅलरी व सॉमरवेल त्या चौघांस आणण्यासाठी वर निघाले. दोन वर्षांपूर्वी ज्या उताराने सात जीव घेतले, तशाच कच्च्या बर्फाच्या उतारावर सॉमरवेल दोर बांधून पुढे सरले. हमालांपासून काही हातांवर दोर संपला. दोघे कसेबसे पलीकडे आले. उरलेले दोघे निघताच बर्फ सुटला आणि ते घसरून कड्याच्या काठाशी थांबले. तेव्हा सॉमरवेल यांनी आपल्या कमरेचा दोर सोडला, कुऱ्हाड बर्फात रोवून तो तिला अडकविला, आणि एका हाताने दोराचे टोक धरून दुसऱ्या हाताने एकेकास मानेकडील वस्त्रास धरून ओढून घेतले. या कामी तिघांची शक्ती खर्ची पडली, आणि शिखर त्या वर्षी त्यांपैकी कोणी गाठल्याचे सिद्ध झाले नाही. आमच्या मते त्या मोहिमेचे सर्वांत उंच कृत्य त्याच उतारावर घडले.

याची दुसरी बाजूही आहे. १९३९ साली केटू पर्वतावर वुल्फ नावाचे एक अमेरिकन गृहस्थ वरच्या तळावर एकटे राहिले होते. पासांग किकुली नावाचा शेर्पा सोबत्यांसह त्यांच्यापर्यंत पोहोचला. परंतु वुल्फ त्या दिवशी उतरण्यास कबूल झाले नाहीत. दोन दिवसांनी किकुली दोघा शेर्पांस घेऊन पुन्हा वर गेला. ते तिघे परत आले नाहीत, आणि वुल्फही आले नाहीत. अशा निष्ठेची लोक फार स्तुती करतात. स्तुती करावी, परंतु सावधपणे करावी. चाकराच्या निष्ठेची वाखाणणी करणे सोपे असते, आणि ती करता करता धनी आपले कर्तव्य विसरतो. किकुली किती एकनिष्ठ होता, हा प्रश्न जितका मोठा, तितकाच त्यास पुन्हा वर जाण्याची पाळी का यावी, हाही मोठा आहे.

या जुन्या गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणू नये. २०१४ च्या एप्रिलच्या १८ तारखेस सकाळी त्याच खुंबूच्या बर्फनदीवर वरून बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि ओझी वाहणारे व वाट बांधणारे सोळा नेपाळी मनुष्य मेले. त्यांत परदेशी गिर्यारोहक एकही नव्हता. ९२ वर्षांपूर्वीचाच हिशेब पुन्हा मांडला गेला. सरकारने प्रथम प्रत्येक घरास ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले. ते ऐकून शेर्पांस संताप आला. त्यांनी त्या वर्षी वर जाण्याचे नाकारले, आणि नेपाळच्या बाजूच्या मोहिमा बहुतेक सर्व परतल्या. पुढे त्यांच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये करण्यात आली. हे त्यांस दया म्हणून मिळाले नाही. त्यांनी एकवटून मागितले तेव्हा मिळाले.

तर मग मजुरी देऊन झाल्यावर काय देणे उरते? आमच्या मते तीन गोष्टी उरतात.

पहिली, धोक्यातील वाटा. जेथे जाण्यास आपण धजत नाही, तेथे दुसऱ्यास पैशाच्या जोरावर पाठवू नये. आणि तो संकटात सापडला तर आपला बेत मोडून त्याच्याकडे जावे. १९२४ साली तिघांनी हेच केले.

दुसरी, त्याच्या शब्दाचा मान. ढग पाहून वाटाड्या परत फिरा म्हणतो, तेव्हा ज्याने पुष्कळ पैसा खर्चिला त्यास ते रुचत नाही. नेपाळ सरकारचा केवळ परवानाच परदेशी मनुष्यास सप्टेंबर २०२५ पासून १५,००० डॉलर पडतो. बाकीचा खर्च निराळा. शिवाय शिखर गाठल्यास वाटाड्यास वर बक्षिसी मिळण्याची चाल आहे, म्हणजे खरे बोलणे त्याच्याच पोटावर येते. जाणत्याचे ज्ञान भाड्याने घ्यावे आणि ते गैरसोयीचे होताच त्याचे तोंड बंद करावे, हे अप्रामाणिकपणाचे आहे.

तिसरी, त्याचे नाव आणि त्याचे घर. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. तेनसिंग यांची ती सातवी खेप होती. शिखरावरील प्रसिद्ध चित्र तेनसिंग यांचे आहे. ते हिलरींनी काढले, आणि हिलरींचे तेथील चित्र नाही. तरीही ब्रिटिश सरकारकडून हिलरी व मोहिमेचे प्रमुख हंट यांस सरदारकी मिळाली आणि तेनसिंग यांस केवळ जॉर्ज पदक. आधी कोण चढले याविषयी पुष्कळ वाद झाला. १९५५ साली तेनसिंग यांनीच आपल्या आत्मकथेत हिलरी काही पावले पुढे होते असे सरळ सांगून टाकले. हिलरींनी आपले ऋण कसे ओळखले, तेही सांगितले पाहिजे. त्यांनी शेर्पांस तुम्हांस काय हवे असे विचारले. शाळा हवी, असे उत्तर आले. १९६१ साली खुमजुंग येथे शाळा उभी राहिली, १९६६ साली खुंदे येथे इस्पितळ झाले, आणि हे काम त्यांनी आयुष्यभर चालविले.

काळ पालटतो आहे, हेही समाधानाने नमूद करतो. १६ जानेवारी २०२१ रोजी केटू पर्वत हिवाळ्यात प्रथमच चढला गेला, तो दहा नेपाळी गिर्यारोहकांकडून. शिखराच्या थोडे खाली ते एकमेकांसाठी थांबले आणि मग सारे मिळून वर गेले. ज्यांच्या वाडवडिलांनी ओझी वाहिली, त्यांनी तेथे पहिला कोण हा प्रश्नच उरू दिला नाही.

वाचकहो, आपणांपैकी फार थोडे हिमालयात जातील. पण दुसऱ्याच्या खांद्यावरून चढणे हे केवळ हिमालयात घडते असे नाही. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावचा मुलगा शहरच्या मंडळीस वाट दाखवितो. आपल्या विहिरीत दुसरा उतरतो. आपल्या लग्नकार्यात दिव्यांची ओझी कोणी डोक्यावर घेऊन रात्रभर चालतो. मजुरी ठरल्याप्रमाणे व वेळेवर द्यावी, हे तर उघडच आहे. त्यापुढे जाऊन, तो थकला आहे काय, त्याचे म्हणणे काय आहे आणि त्यास काही झाले तर त्याच्या घरचे काय होईल, हे आपण विचारावे. अमका शिखरावर गेला ही वार्ता कानी आली म्हणजे आनंद मानावा. आणि त्याचा दोर कोणी बांधला व तो बांधणारा सुखरूप घरी परतला की नाही, एवढी चौकशी त्याच वेळी करावी.